डावी बाजू

शारजा, इंडस्ट्रियल एरिया दहा.
रात्रपाळीला शाई बसेपर्यंत
आम्ही रद्दीतलेच कागद पुन्हा मशीनमधून काढतो.
म्हणून गुन्नेल ओकरब्लाद मला पहिल्यांदा भेटली
ती फ्रोझन कोंबडीच्या सवलतीवर.
नऊ दिरहम पंच्याण्णव,
आणि त्यावरून चाललेली एक मुलगी,
हातात कंदील, मागे लंगडी बकरी.

बर्फ कुठेय, मी विचारलं.
हा काय, मुताझ म्हणाला.
प्लेटवर तिथे काहीच नव्हतं. चारही रंग शून्य.
बाईने बर्फ काढलाच नव्हता,
कागद सोडून दिला होता नुसता,
कडेला नखाएवढा निळा.
बावीस वर्षं मी पानांवर शाई घालतोय,
न घालण्यातही कसब असतं, कुणी बोललं नव्हतं.

मलपृष्ठावर सात ओळींचं आयुष्य.
मुताझ अरबीतून हिंदीत सांगतो,
मी मनातल्या मनात मराठीत उतरवून घेतो;
एवढ्या होड्या बदलून आलेलं सामान
थोडं भिजणारच.
बाप बेटावरचा दिवा सांभाळायचा.
शाळेत तिचा डावा हात बाकाला बांधून ठेवत.
अक्षरं ती उजव्याने शिकली,
चित्रं सुटलेल्या हाताने, घरी जाताना,
काठीने, बर्फावर.
पुढे बरीच वर्षं बोटींची वेळापत्रकं रंगवली.
पहिलं पुस्तक एकेचाळिसाव्या वर्षी.
लग्नाबद्दल काही नाही.
बकरीबद्दल दीड ओळ.

अरबी पुस्तक उजवीकडून उघडतं.
चित्रं तशीच ठेवली असती
तर मुलगी दर पानाला मागे मागे गेली असती,
गोष्ट एकीकडे, ती एकीकडे.
म्हणून सगळी उलटवली, आरशात धरल्यासारखी.
कंदील गेला उजव्या हातात.
प्रूफ कुरिअरने स्वीडनला.
अठराव्या दिवशी उत्तर:
बकरी दुसऱ्या पायाने लंगडली तर तिची हरकत नसावी.
मुलीच्या हाताबद्दल माझी आहे.
छपाई थांबवा.
मी पुन्हा काढते.

वय अठ्ठ्याहत्तर, एका डोळ्यात मोतीबिंदू,
पानं बत्तीस.
बाबुराज म्हणाला, कुणाला कळणार होतं?

मी गप्प.
राजापुरात रेवा पाच वर्षांची आहे.
गेल्या शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर
तिने डाव्या हाताने घास उचलला
आणि मी समुद्रापलीकडून ओरडलो, त्या हाताने नाही!
घास ताटात परत गेला.
बायको म्हणाली, तुम्हाला तिकडे उलटं दिसत असेल.
मीही हो म्हणालो.
मागच्या कॅलेंडरची अक्षरं सुलट होती.
माझा तर धंदाच हा.

डावलणं हा शब्द आपण कुठल्या हातापासून केला
ते मला त्या रात्री सुचलं, इतक्या उशिरा.
आणि तरी पान वाढताना
मीठ डावीकडे, लिंबू डावीकडे, चटणी, कोशिंबीर,
आजोबांची लोणच्याची फोड.
चव सगळी तिकडे मांडून ठेवली,
हाताला मात्र बंदी.

नवी चित्रं आली चार महिन्यांनी.
भिंग लावून बसलो.
रेघ कुठे कुठे थरथरली आहे, तशीच ठेवली आहे.
मूळ पुस्तकात कंदील मुलीच्या पलीकडे होता, अंगाआड.
आता ती दुसऱ्या दिशेने चालते, डाव्याच हाताने धरून,
आणि उजेड अलीकडे आलाय,
वाचणाऱ्याच्या बाजूला.
सावल्या झाडून सगळ्या बदलल्या आहेत.
बर्फात एक ठिपका दिसला, धुळीचा.
मशीन थांबवून प्लेट पुसली.
बाबुराजने घड्याळाकडे पाहिलं.

उद्या शुक्रवार.
जेवायच्या वेळी बायकोला सांगणार आहे,
फोन ताटाच्या डाव्या बाजूला ठेव,
मिठाजवळ.